शाखा कार्यालयातून ऊर्जा धोरणाकडे: किती दिवस, किती पैसे, किती कागद

२०१५ च्या उन्हाळ्यात वीजदराच्या जनसुनावणीला मी गेले होते ती केवळ फायली सांभाळायला. एका वितरण कंपनीच्या शाखा कार्यालयात सहायक अभियंता म्हणून लागून मला सहा वर्षं झाली होती. साहेबांना ऐनवेळी कुठला आकडा लागेल याचा नेम नसतो, म्हणून शेवटच्या रांगेत दोन गठ्ठे मांडीवर घेऊन बसले होते. जेवणाच्या सुट्टीआधी एक वयस्क शेतकरी माइकपाशी आले. हातात बिल. म्हणाले, "साहेब, माझ्या विहिरीचं पाणी माघातच आटलं. मीटर तीन वर्षांपासून बंद. तरी बिलावर युनिटं छापून येतायत. ती जळाली कुठं, एवढंच सांगा."

सभागृहात थोडं हसू पसरलं. मी हसले नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. बंद मीटरला सरासरी युनिटं लावायचं काम आमच्यासारख्याच एखाद्या कार्यालयात, महिनाअखेरीच्या घाईत होत असे. फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, सोडलेली वीज आणि मीटरवर मोजली गेलेली वीज, यांतला फरक शेवटी दोनच खिशांत जातो. एक शेतीपंपांचा वापर, दुसरी गळती. पहिला खिसा फुगवला की दुसरा आपोआप सपाट दिसतो. हे आमच्याकडे गुपित नव्हतं. पण त्या युनिटांवरून पुढे सरकारचं अनुदान ठरतं, उद्योगांवरचा क्रॉस सबसिडीचा बोजा (इतरांची वीज स्वस्त ठेवायला त्यांनी भरायचा जादा दर) ठरतो आणि पुढच्या वर्षीचा दर ठरतो, ही साखळी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. माझ्या टेबलावरचा एक रकाना वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाच्या आदेशात जाऊन बसत होता.

ऊर्जा धोरणाच्या कामात यायचं ठरवलं ते तेव्हा. प्रत्यक्षात पोचायला तीन वर्षं लागली, आणि परदेशातलं पहिलं काम मिळायला आणखी चार. हल्ली वितरण कंपन्यांतली तरुण मुलं-मुली "कसं केलंत?" म्हणून विचारतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून तारखांसकट लिहिते.

पहिलं वर्ष नुसतं वाचण्यात गेलं. यासाठी एक पैसा लागत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, लोकांच्या हरकती-सूचना ऐकाव्या लागतात आणि अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा असतो. याचिका, परिशिष्टं, आदेश, सगळं आयोगाच्या संकेतस्थळावर पडलेलं असतं. मी सुरुवातीला चूक केली ती थेट आदेश वाचायला घेतला. शेकडो पानं. चाळिसाव्या पानावर झोप. मग एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी युक्ती सांगितली: याचिका आणि आदेश शेजारी शेजारी ठेव, आणि कंपनीने मागितलेल्या प्रत्येक खर्चापुढे आयोगाने किती मान्य केला ते लिही. वीजखरेदी, देखभाल-दुरुस्ती, घसारा, व्याज, भांडवलावरचा परतावा. जिथे दोन आकड्यांत मोठी तफावत, तिथलेच परिच्छेद वाच. तफावतीत सगळं भांडण असतं.

तसं केलं आणि आदेश बोलायला लागला. मग एक्सेलमध्ये वार्षिक महसुली गरजेचा, म्हणजे कंपनीने वर्षभरात दरांतून किती पैसे वसूल करायचे याचा, अख्खा तक्ता स्वतः उभारला. आयोगाच्या आकड्यापर्यंत पोचायला शनिवार-रविवार धरून तीन महिने लागले. एका ठिकाणी गणित जुळेच ना. आधीच्या वर्षाचा ट्रू-अप, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकाचा हिशेब, मी दोनदा धरला होता. कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा ही चूक जास्त उपयोगी पडली. आजही कुणी "कुठला कोर्स करू?" विचारलं तर मी आधी विचारते, एक तरी आदेश एक्सेलमध्ये पाडलास का?

सुधारणांचा इतिहास त्याच काळात वाचला. १९८२ च्या कायद्यापासून चिलीने वीजक्षेत्र फोडून खासगी हातात द्यायला सुरुवात केली, नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने हीच पाककृती देशोदेशी गेली: निर्मिती, पारेषण, वितरण वेगळं करा, स्वतंत्र नियामक बसवा, वितरण खासगी करा. आपल्याकडे ओडिशाने १९९६ मध्ये सुरुवात केली, १९९९ मध्ये वितरण विकलं, आणि दोनेक वर्षांतच मध्य भागातली वितरण कंपनी चालवणाऱ्या विदेशी कंपनीने काढता पाय घेतला. महाराष्ट्रात वीज मंडळाची विभागणी जून २००५ मध्ये झाली. तोवर एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं प्रकरण होऊन गेलं होतं. वीज उचलली नाही तरी भरावा लागणारा स्थिर आकार आणि डॉलरशी बांधलेला दर, हे दोन मुद्दे मला दाभोळच्या करारामुळे समजले. पुढे ते फार कामाला आले.

आता कागदांचं पुराण.

एप्रिल २०१७ मध्ये पदव्युत्तर अभ्यासासाठी रजा मागितली. अर्ज शाखेतून उपविभाग, तिथून विभाग, मंडळ, परिमंडळ असा चढत गेला. ऑगस्टमध्ये एका ठिकाणी "विषय कामाशी संबंधित असल्याचे दिसत नाही" असा शेरा पडला. वीज कंपनीच्या अभियंत्याला वीजदराचा अभ्यास कामाशी संबंधित नाही! मी दोन पानी खुलासा दिला. नोव्हेंबरमध्ये नकार आला. सात महिने. ते सात महिने मी हातावर हात ठेवून बसले असते तर वाया गेले असते, पण मध्ये ऑगस्टमध्ये एका धोरण-संशोधन संस्थेची जागा निघाली होती, तिथे अर्ज केला होता. लेखी परीक्षा दोन तासांची. हातात एका राज्याचा दर आदेश दिला आणि "ऊर्जामंत्र्यांसाठी एक पानी टिपण लिहा" म्हणाले.

मी नापास झाले. एक पानाचं टिपण सव्वातीन पानं झालं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नंतर फोनवर कारण सांगितलं, जे सहसा कुणी सांगत नाही: "सगळं बरोबर लिहिलंय हो तुम्ही. पण मंत्र्यांनी सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, ते कुठेच नाही." फोन ठेवल्यावर राग आला, रात्री पटलं. शाखा कार्यालयात आम्ही अहवाल लिहायचो तो अंगावर काही येऊ नये म्हणून. प्रत्येक वाक्याला पळवाट. इथे नेमकं उलट हवं होतं. पुढचे तीन महिने रोज एका आदेशातल्या एका मुद्द्यावर दहा ओळी लिहायच्या, आणि पहिल्याच ओळीत शिफारस, असा सराव केला. लिहिलेलं नवऱ्याला वाचायला द्यायचे. त्याचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता. त्याला कळलं तर पास. डिसेंबरमध्ये पुन्हा परीक्षा झाली, निवड झाली.

पगार अडुसष्ट हजारांवरून चाळीस हजारांवर येणार होता. गृहकर्जाचा हप्ता एकोणीस हजार. कायमची नोकरी सोडून "संशोधन सहयोगी", तेही दोन वर्षांच्या करारावर. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "पेन्शनचं काय?" उत्तर नव्हतं. आम्ही दोघांनी बसून आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला निघतो का ते पाहिलं, निघत होता. निघत नसता तर मी थांबले असते, हे प्रामाणिकपणे सांगते. उडी घ्या म्हणणारे लोक खाली जाळी कुणी धरली होती ते सांगत नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस. शिवाय "ना-देय" प्रमाणपत्र: भांडार, लेखा, आस्थापना, वाहन, वाचनालय, निवासस्थान, सगळ्यांच्या सह्या. भांडाराच्या वहीत २०११ पासून माझ्या नावावर एक क्लॅम्प मीटर (तारेतला प्रवाह मोजायचं उपकरण) निघाला. मी तो बदली होताना परत केला होता, पोच घेतली नव्हती. घसारा वजा जाता किंमत भरली, १,८६० रुपये, आणि सुटले. कार्यमुक्तीचा आदेश हातात आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. टीप म्हणाल तर ही: नोकरीत असतानाच प्रत्येक बदलीचा आदेश, प्रत्येक कामाचं स्वरूप सांगणारं पत्र, साहेबांच्या सहीसह घेऊन ठेवा. याची किंमत मला तीन वर्षांनी कळली.

मे २०१८ ते २०२१ याबद्दल थोडक्यात, कारण ती वर्षं चांगली गेली आणि चांगल्या दिवसांत सांगण्यासारखं कमी असतं. याचिकांवर हरकती लिहिल्या, ग्राहक संघटनांना तक्ते समजावले, काही सुनावण्यांत पाच-पाच मिनिटं बोलले. शेतीपंपांच्या वापराचा मुद्दा माझा ठरूनच गेला. माझ्या सहकाऱ्यांपैकी बहुतेक जण मोठ्या विद्यापीठांतून आलेले. मॉडेल माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करायचे. पण "मीटर वाचन उपलब्ध" याचा अर्थ गावात कुणी प्रत्यक्ष मीटरपाशी गेलं असं नसतं, हे मला सांगावं लागायचं. न्यूनगंड पुरता कधी गेला नाही. इंग्रजीत बोलताना तर आजही शब्द आधी मनात जुळवावे लागतात.

परदेशी कामांसाठी २०२१ च्या सुरुवातीला अर्ज करायला लागले. विकास बँका आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या एखाद्या देशातल्या प्रकल्पासाठी आधी "स्वारस्य पत्र" मागवतात. नेहमीचा बायोडेटा तिथे चालत नाही. प्रत्येक कामापुढे महिना, वर्ष, देश, ग्राहक, तुमची नेमकी भूमिका, आणि पडताळणीसाठी संपर्क. "टीममध्ये होते" एवढं लिहून भागत नाही. त्यातला कुठला भाग तुम्ही केला? मी पहिले दहा अर्ज एकाच बायोडेटावर पाठवले. एकालाही उत्तर नाही. मग कामाच्या अटींचा मसुदा, ज्याला सगळे टीओआर म्हणतात, तो वाचून त्यातल्या प्रत्येक कामापुढे माझ्या अनुभवाची एक ओळ लिहायला लागले. वर्षभरात तेवीस अर्ज, तीन उत्तरं, एक निवड.

निवड नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली: युगांडातल्या एका वीजदर अभ्यासात दर विश्लेषक, पंचेचाळीस दिवसांचं काम, त्यातले वीस दिवस कंपालात. करारावर सही झाली एप्रिल २०२२ मध्ये. मधले पाच महिने अनुभवाच्या दाखल्यांत गेले. नऊ वर्षांच्या नोकरीचा दाखला जुन्या कार्यालयाने दिला होता, पण त्यात फक्त पद आणि तारखा. कामाचं स्वरूप नाही. नवीन पत्रासाठी चार महिने, अकरा स्मरणपत्रं. शेवटी ज्या लिपिकांबरोबर मी महिनाअखेरीला रात्री नऊपर्यंत बसायचे, त्यांनीच फाईल शोधून सहीला ठेवली.

करारात दोन गोष्टी नीट वाचा. एक, मोबदला दिवसांवर आहे की टप्प्यांवर. माझा टप्प्यांवर होता: प्रारंभिक अहवालाला २० टक्के, मसुद्याला ६०, अंतिम अहवाल "मान्य झाल्यावर" २०. मान्य कुणी करायचं आणि किती दिवसांत, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं नाही. दुसरी, विमान-मुक्कामाचा खर्च आधी कोण करणार. मीच केला, पावत्या लावून नंतर मिळाला. सुमारे एक लाख दहा हजार रुपये अडीच महिने अडकले. मधली सल्लागार कंपनी भारतीय असल्याने प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस कापला गेला. तो आयकर खात्याच्या करजमा विवरणात (२६एएस) दिसतो का, हे दर तिमाहीला बघत जा. माझा एकदा दिसला नव्हता.

युगांडात उतरायला पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. हे दहा दिवस मला माहीत नव्हते. तिकीट नऊ दिवसांनंतरचं काढलं होतं. बदलायला साडेसहा हजार गेले.

जून २०२२ मध्ये एन्टेबे विमानतळावर उतरले. कागदावर युगांडा ओळखीचा होता. १९९९ चा वीज कायदा, पाठोपाठ नियामक प्राधिकरण, २००१ मध्ये जुन्या वीज मंडळाचे तीन तुकडे, २००५ पासून वितरणाचा वीस वर्षांचा परवाना खासगी कंपनीला. तारा-खांब मात्र सरकारी कंपनीच्या मालकीचे. तीच पाककृती. सुरुवातीला ३८ टक्क्यांच्या आसपास असलेली वितरण हानी, म्हणजे वाटेतली गळती, पुढे निम्म्याहून खाली आली होती. तरी लोक दरावर चिडलेले, आणि टॅक्सीवाल्यापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एक नाव: बुजागाली. नाईलवरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प, २०१२ चा. त्याच्या विजेची किंमत इतकी टोचली की दर खाली आणायला २०१८ मध्ये कर्जाची फेरमांडणी करावी लागली. स्थिर आकार, डॉलरमधलं कर्ज, गृहीत धरलेली मागणी... तिसऱ्या दिवशीच्या बैठकीत हे सगळं ऐकताना मी वहीच्या कडेला मराठीत लिहिलं, "यांचं दाभोळ". दोन्ही प्रकल्पांत फरक पुष्कळ. बुजागाली बंद पडलं नाही, ते चालू आहे आणि देशाला त्याची वीज लागते. पण प्रश्न कुठे विचारायचे ते मला कळलं.

दर तिथे दर तीन महिन्यांनी हलतो: विनिमय दर, इंधन, महागाई यांप्रमाणे. पहिली पंधरा युनिटं स्वस्त. आणि ८१ ते १५० युनिटांच्या टप्प्याला त्याच सुमारास स्वयंपाकासाठी म्हणून खास कमी दर ठेवलेला. दर वापराबरोबर चढत जातो हे माझ्या हाडामासात मुरलेलं. मध्येच उतरणारा टप्पा बघून मला वाटलं तक्ता चुकलाय. चुकला नव्हता. बहुतेक घरांत लाकूड नाही तर कोळसा जळतो, ती चूल विजेवर यावी म्हणून तो दर. मात्र महिन्याला ऐंशी युनिटांपर्यंत पोचणारी घरं मुळात किती, हा प्रश्न मी मसुद्यात मांडला.

सगळ्यांत जास्त शिकले ते जिंजाच्या वाटेवर, एका वितरण कार्यालयात. जिंजाला नाईलवरचं १९५४ चं ओवेन फॉल्स धरण आहे, तेही पाहिलं, पण लक्षात राहिला तो तिथला लाईन निरीक्षक. प्रीपेड मीटरला तिथे "याका" म्हणतात, लुगांडात "पेट" अशा अर्थाचा शब्द. मोबाइलवरून पैसे भरायचे, आकडे दाबायचे, दिवा पेटतो. मी म्हटलं, मग चोरीचा प्रश्न मिटला असेल. तो हसला आणि मला एका घराच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. मीटरच्या आधीच तार वळवलेली. मी पण हसले. माझ्या शाखेत हे काम छतावरून व्हायचं. त्यानंतर तो माझ्याशी सल्लागाराशी बोलतात तसं बोलला नाही. चार वर्षांत न सापडणारी माहिती दोन तासांत मिळाली: कुठल्या फीडरचे आकडे खरे, कुठले "कार्यालयातले".

दुसरा दौरा ऑक्टोबरमध्ये ठरला होता. २० सप्टेंबरला तिथे इबोलाची साथ जाहीर झाली आणि उरलेलं काम संगणकाच्या पडद्यावर आलं. मसुद्यावर ११४ टिप्पण्या आल्या. प्रत्येकीला तक्त्यात उत्तर द्यायचं: मान्य, अंशतः मान्य, अमान्य आणि का. पहिल्या दिवशी मी प्रत्येक टिप्पणीला अपमान समजत होते. त्यातल्या ऐंशी तरी शब्दरचनेच्या होत्या. माझ्या दोन शिफारशी गळाल्या, एक राहिली, तीही "भविष्यात विचार करता येईल" या वाक्याखाली. वितरण हानी मोजताना अंदाजित आणि मोजलेली युनिटं वेगळ्या रकान्यांत दाखवावीत, एवढीच ती शिफारस.

अंतिम अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये गेला. शेवटचे २० टक्के ऑगस्ट २०२३ मध्ये आले. आठ महिने मी दर पंधरा दिवसांनी नम्र ईमेल लिहीत होते. आता करार करताना "तीस दिवसांत हरकत न आल्यास अहवाल मान्य समजावा" हे वाक्य मी घालून घेते. पाचपैकी तीन वेळा लोक मान्य करतात.

युगांडातल्या खासगी कंपनीचा वितरणाचा तो परवाना ३१ मार्च २०२५ ला संपला, १ एप्रिलपासून काम सरकारी कंपनीकडे गेलं. बातमी वाचली तेव्हा मी एका नव्या स्वारस्य पत्राचा बायोडेटा भरत होते. सातव्या रकान्यात लिहिलं होतं: २००९ ते २०१८ या काळातील कामाचे स्वरूप दर्शवणारा मूळ कार्यालयाचा दाखला जोडावा. त्याच्या आता माझ्याकडे सहा साक्षांकित प्रती आहेत. क्लॅम्प मीटरची पावतीही त्याच फाईलमध्ये आहे.